केंगेलेनीची घंटा, नाशिकची पोरं आणि आफ्रिकेतले मिशनरी

गोदाकाठचा

कामानिमित्त दोन वर्षं केनियात, मोंबासाला होतो. बेटावरून न्यालीचा पूल ओलांडला की केंगेलेनी नावाचा थांबा लागतो. मटाटूचा, म्हणजे तिथल्या वडापचा, पोऱ्या दाराला लोंबकळत दिवसभर हे नाव ओरडत असतो. केंगेले म्हणजे स्वाहिलीत घंटा. ती घंटा आजही तिथे आहे. गुलाम वाहणारी गलबतं दिसली की ती बडवून वस्तीला सावध करत, असं लोक सांगतात. वस्तीचं नाव फ्रिअर टाउन. पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा डोक्यात काही पेटलं नाही. मग कळलं, हे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर, ज्यांच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडला तेच. आणि १८७४-७५ मध्ये ही वस्ती वसवायला आलेला पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस त्याआधी आमच्या नाशिकला होता, शरणपूरला. माझं सगळं लहानपण शरणपूर रोडवर गेलं. शरण कोणाला आणि कशापासून, हे तोवर मनातही आलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं आणि सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवायचं. त्यांतली बरीच सरकारने चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनच्या हवाली केली. ती शरणपूरच्या आश्रमात वाढली. सुतारकी, लोहारकी, इंग्रजी, बायबल. आडनावं मिशनऱ्यांचीच: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. १८६६ मध्ये आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा नाशिकची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती, शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई. १८७३ मध्ये आजच्या झांबियात चितांबोच्या गावी तो वारला. दफनाची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, म्हणजे शरणपूरच्याच एका मुलाने. हृदय तिथे झाडाखाली पुरलं, देह उन्हात सुकवून, सालीत आणि कापडात गुंडाळून समुद्रापर्यंत वाहून आणला. वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत चालणाऱ्यांत वेनराइट होता. त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात जगला.

आता मुद्दा. तिकडे एक वाक्य पोरासोरांच्या तोंडी आहे. गोरे आले तेव्हा बायबल त्यांच्या हातात होतं आणि जमीन आमच्या. म्हणाले, डोळे मिटून प्रार्थना करा. डोळे उघडतो तर बायबल आमच्या हातात, जमीन त्यांच्या. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू हे रंगवून सांगत, केनियाचे पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या नावावरही ते खपतं. वाक्य फक्कड आहे, पण राबईला लावून पाहिलं तर नीट बसत नाही.

राबई मोंबासापासून जरा आत, टेकाडावर. जर्मन पाद्री क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला आला तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काही महिन्यांत बायको आणि तान्ही मुलगी गेली. त्यांना पुरून तो कामाला लागला. पुढे राबईत नाशिकहून गेलेला विल्यम जोन्स कामाला लागला. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मळेवाल्यांचे गुलाम पळून राबईत येत आणि तिथे त्यांना आसरा मिळे. गोऱ्या वरिष्ठांच्या पोटात गोळा, कारण झांजिबारच्या सुलतानाच्या मुलखात गुलामगिरी कायदेशीर होती आणि सुलतानाशी बिनसलं तर मिशनच गुंडाळावं लागलं असतं. १८८८ मध्ये इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा मॅकेंझी आला. त्याने सुमारे १,४०० पळपुट्यांची किंमत मालकांना मोजून त्यांना मुक्तीचे दाखले दिले. गुलाम सुटले, मालक खूश, मिशन वाचलं, आणि कंपनीने किनाऱ्यावर पाय रोवला. १८९५ मध्ये तिथे सरळ ब्रिटिश अंमल.

यात मिशन कोण होतं? सामील, भाबडं, की वापरलं गेलेलं? जाणकारांनी लिहावं. भारतातल्या धर्मांतराची भांडणं कृपया इथे आणू नका, त्यासाठी ढीगभर धागे आहेत.

पोटमाळा

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

कडू कारलं

लेख छान, पण तुम्ही फार मऊ हाताने लिहिलंय. वापरलं गेलेलं मिशन म्हणे! आजच्या झिंबाब्वेत न्देबेले राजा लोबेंगुलाकडून ३० ऑक्टोबर १८८८ ला सेसिल ऱ्होड्स या इंग्रज खाणसम्राटाच्या माणसांनी खाणींचा मक्ता लिहून घेतला. दरमहा १०० पौंड, १,००० रायफली, आणि बदल्यात राज्यातली सगळी खनिजं. राजाला वाचता येत नव्हतं. त्याला कागद समजावून कोणी सांगितला? लंडन मिशनरी सोसायटीच्या चार्ल्स हेल्मने. खणायला दहाच्या वर गोरे येणार नाहीत, हे तोंडी कबूल झालं. कागदावर ते आलंच नाही. राजाचा त्या पाद्रीवर विश्वास होता म्हणून तर कागदावर फुली मिळाली. दुभाषा दुसरा कोणी असता तर राजा इतका गाफील राहिला असता का?

आणि जर्मनांचं काय? जर्मनीला वसाहती हव्यात अशी १८७९ मध्ये दवंडी पिटणारा फाब्री हा ऱ्हाइन मिशनचाच प्रमुख. नामिबियात मिशन आधी, झेंडा मागून, आणि १९०४ नंतर तिथल्या हेरेरो जमातीचा संहार.

बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचं १८८३ चं मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र वाचलंय का? "तुम्ही त्यांना देव शिकवायला जात नाही, देव त्यांना ठाऊक आहे" अशा अर्थाचं त्यात आहे. आमच्या ग्रुपवर फिरत होतं. मागे कोणी मागितलं तर डकवतो.

तिसरी घंटा

डकवू नका, ते पत्र बनावट आहे. १८८३ मध्ये काँगो कागदोपत्री लिओपोल्डचा झालाच नव्हता, तो झाला १८८५ मध्ये. असल्या खोट्या कागदाची गरजही नाही, खरे कागद पुरेसे काळे आहेत. १९०६ मध्ये राजाने व्हॅटिकनशी उघड करार केला: कॅथलिक मिशनांना फुकट जमीन, बदल्यात त्यांनी शाळा चालवायच्या आणि शाळांवर नजर सरकारची. बेल्जियन कॅथलिक मिशनांनी राजाच्या अत्याचारांबद्दल पुष्कळ काळ तोंड उघडलं नाही, त्याचा अर्थ या करारात सापडतो.

पण काँगोतच दुसरी बाजूही आहे. विल्यम शेपर्ड हा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी, स्वतः काळा. १८९९ मध्ये कासाई भागात त्याला एका छावणीत शेकोटीवर धुरी देत ठेवलेले तोडलेले उजवे हात दिसले. त्याने ते मोजले. ८१ भरले. गोळ्या वाया घालवल्या नाहीत याचा सैनिकांनी साहेबाला द्यायचा हिशोब होता तो. शेपर्डने हे छापलं. पुढेही तो रबराच्या कंपनीविरुद्ध लिहीत राहिला म्हणून तिने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, १९०९ मध्ये तो निर्दोष सुटला.

आणि ॲलिस हॅरिस. बारिंगाच्या बॅप्टिस्ट मिशनमध्ये मे १९०४ मध्ये न्साला नावाचा बाप पानात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. आत त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा हात आणि पाऊल. ॲलिसने त्याला ओसरीच्या कडेला बसवून फोटो काढला. तो फोटो मॅजिक लँटर्नवर, म्हणजे पडद्यावर चित्रं पाडणाऱ्या दिव्यावर, इंग्लंड-अमेरिकेतल्या सभांमध्ये दाखवला गेला आणि लिओपोल्डच्या हातून काँगो सुटायला, म्हणजे १९०८ मध्ये तो बेल्जियम सरकारकडे जायला, त्याचा मोठा हातभार लागला. ज्या कंपनीच्या पहारेकऱ्यांनी हे केलं तिचं नाव अबीर. अँग्लो-बेल्जियन इंडिया रबरची आद्याक्षरं. बुक्क्याची आठवण येऊन मला पहिल्यांदा वाचताना कसंतरीच झालं होतं.

कडू कारलं

पत्र मागे घेतो, घेतलंच पाहिजे. पण हॅरिसबाई इंग्रज होत्या आणि राजा बेल्जियन. परक्याच्या घरातली घाण दाखवायला फार धैर्य लागत नाही. आपल्याच सरकारविरुद्ध उभा राहिलेला एक पाद्री दाखवा.

पोटमाळा

दाखवते, आणि गंमत म्हणजे तो धागाकर्त्याच्या फ्रिअरसाहेबांच्याच विरुद्ध उभा राहिला.

फ्रिअर १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार थांबवायला झांजिबारला गेला. सुलतान बर्गाशने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मग तिथल्या ब्रिटिश कॉन्सल कर्कने नाकेबंदीची धमकी दिली आणि जूनमध्ये सही घेतली. हा झाला मुक्तिदाता फ्रिअर. चार वर्षांनी हाच माणूस दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर. शेजारी झुलू राज्य, राजा सेत्श्वायो. झुलूलँडमधल्या मिशनऱ्यांना वर्षानुवर्षं मूठभरसुद्धा ख्रिस्ती मिळाले नव्हते. का, तर म्हणे राजा फार बळकट, त्याची सत्ता मोडल्याशिवाय शुभवर्तमान रुजणार नाही. त्यांच्या तक्रारी फ्रिअरच्या टेबलावर येत राहिल्या. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने झुलूंना निर्वाणीचा खलिता धाडला. सैन्यव्यवस्था मोडा वगैरे मागण्यांत हेही होतं की मिशनऱ्यांना परत येऊ द्या. जानेवारीत युद्ध. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाला झुलूंनी ब्रिटिश फौज कापून काढली, पण वर्षअखेर सेत्श्वायो कैदेत होता.

याविरुद्ध बोलला शेजारच्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीचा बिशप कोलेन्सो. इसांडलवानानंतर सगळी वसाहत सूडासाठी पेटलेली असताना त्याने पीटरमारित्सबर्गच्या चर्चमध्ये उभं राहून या युद्धात आपला न्याय कुठे होता असं विचारलं. त्याआधी लांगालिबालेले या ह्लुबी जमातीच्या प्रमुखाच्या खटल्यातही तो स्वतःच्या सरकारविरुद्ध लंडनपर्यंत गेला होता. गोऱ्या वस्तीत वाळीत पडला. झुलू त्याला सोबांतू म्हणत, लोकांचा बाप. त्याची मुलगी हॅरिएटने पुढे हीच लढाई चालवली.

याच कोलेन्सोवर पाखंडाचा खटला झाला होता. बायबलचं झुलू भाषांतर करताना त्याचा मदतनीस विल्यम न्गिदी याने महापुराच्या गोष्टीवर विचारलं, हे सगळं खरंच घडलं का? बिशपाला प्रामाणिकपणे हो म्हणवेना. बाटवायला गेलेला माणूस स्वतःच शंकेखोर होऊन परतला!

मांडवीकर

गोव्याहून एक भर. हे एकोणिसाव्या शतकाच्या फार आधीचं आहे. गोन्सालो दा सिल्वेरा हा जेझुइट पाद्री १५६० मध्ये गोव्याहूनच आफ्रिकेत गेला, झांबेझी नदीच्या दक्षिणेला मोनोमोटापा राजाच्या दरबारी. राजाचा बाप्तिस्मा केला आणि मार्च १५६१ मध्ये त्याच राजाच्या हुकमाने मारला गेला. आठ वर्षांनी लिस्बनहून फ्रान्सिस्को बारेतो फौज घेऊन निघाला, निमित्त पाद्रीच्या खुनाचं, डोळा सोन्याच्या खाणींवर. हा बारेतो आधी गोव्याचाच गव्हर्नर. फौज तापाने मेली, तोही तिथेच सेना नावाच्या ठाण्यात मेला. म्हणजे मिशनरी मेला की सैन्य जातं, हा पाठ तेव्हाच लिहून झाला होता. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले, हे आमच्याकडेही फार जणांना माहीत नसतं.

याच मोझांबिकात १९७२ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सैनिकांनी विरियामू गावात कत्तल केली, ती जगासमोर आणली कॅथलिक पाद्रींनीच. मेलेल्यांची नावं त्यांनी गोळा केली आणि जुलै १९७३ मध्ये ती बातमी लंडनच्या टाइम्समध्ये आली. पोर्तुगालचा पंतप्रधान कायतानो नेमका त्यानंतर आठवड्याभरात लंडन दौऱ्यावर. त्याची फजिती बघण्यासारखी झाली.

चौकोनी चपाती

पण शाळा कोणी काढल्या? दवाखाने कोणी काढले? आपल्याकडे जोतीरावसुद्धा स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. आणि आदिवासी भागात आज जे

(उरलेला मजकूर संपादकांनी उडवला आहे. धागा आफ्रिकेवर आहे, त्याचं काश्मीर करू नका, म्हणजे भलत्या वादात ओढू नका.)

हिशेबनीस

सगळे चांगले पाद्री आणि वाईट पाद्री मोजत बसलेत. मी आयुष्यभर खतावण्या पाहिल्या, म्हणून विचारतो: बिल कोणी भरलं?

युगांडा घ्या. तिथल्या बुगांडा राज्याच्या राजाकडे १८७७ मध्ये इंग्रज प्रोटेस्टंट आले, १८७९ मध्ये फ्रेंच कॅथलिक. दरबारातल्या पोरांचे दोन तट पडले. लोक त्यांना धर्माच्या नावाने ओळखतच नसत. वाइंग्लेझा आणि वाफ्रान्सा, म्हणजे इंग्रजवाले आणि फ्रेंचवाले! राजा म्वांगाने दोन्हीकडचे मिळून ४५ जण मारले. १८९० मध्ये त्याच ईस्ट आफ्रिका कंपनीचा कॅप्टन लुगार्ड तिथे पोचला. कंपनीला ते राज्य परवडेना, तिने माघारीचं ठरवलं. तेव्हा लंडनमध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या भाविकांनी सुमारे १६ हजार पौंड वर्गणी जमवली. कशासाठी? कंपनीने आणखी एक वर्ष थांबावं म्हणून! आणि ते वर्ष कसं गेलं? २४ जानेवारी १८९२ ला मेंगोच्या लढाईत लुगार्डने प्रोटेस्टंटांना बंदुका वाटल्या, स्वतः मॅक्सिम तोफ चालवली आणि कॅथलिकांना पिटाळलं. १८९४ मध्ये ब्रिटिश अंमल जाहीर. देवळाच्या दानपेटीतून फौजेचा पगार द्यावा तसा प्रकार.

स्कॉटलंडचंही तेच. न्यासालँड, म्हणजे आजचं मलावी, पोर्तुगीजांच्या घशात जाऊ नये म्हणून ११,००० पाद्री आणि चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या सह्यांचं निवेदन पंतप्रधान सॅलिस्बरीला दिलं गेलं. सरकारला तो भिकार मुलूख नकोसाच होता.

म्हणजे माझ्या हिशोबाने मिशन सरकारचं हस्तक नव्हतं. उलट कित्येक ठिकाणी हेच गिऱ्हाईक होतं आणि सरकार दुकानदार, माल विकायला नाखूश. दुसऱ्या बाजूला बघा: हाच लुगार्ड १९०० मध्ये उत्तर नायजेरियात हाय कमिशनर झाला आणि तिथल्या मुस्लिम अमीरांच्या मुलखात त्याने मिशनऱ्यांना शिरू दिलं नाही. अमीरांमार्फत स्वस्तात राज्य चालत होतं, पाद्री कशाला हवेत मध्ये? (लुगार्डचा जन्म मद्रासचा, बाप लष्करी पाद्री. असो.)

कडू कारलं

हे पटलं. गिऱ्हाईक ही उपमा हस्तकापेक्षा जास्त जळजळीत आहे, खरं तर. हस्तकाला निदान हुकूम असतो.

पोटमाळा

मलावीतल्या ब्लँटायर मिशनचं एक राहिलंच. १८७६ मध्ये स्कॉटिश लोकांनी ते काढलं, आणि आसपास कोणाचं राज्य नाही म्हणून स्वतःच न्यायाधीश झाले. चोरीबद्दल फटके, एका माणसाला तर मृत्युदंड. १८८० मध्ये बोभाटा झाला, चौकशी बसली, मिशनचा प्रमुख घरी गेला. फ्रिअर टाउनमध्येही त्याच सुमारास फटक्यांचं प्रकरण गाजलं होतं. वसाहतीचं सरकार नसलं तर मिशन आपणच छोटं सरकार होऊन बसतं, हेही विसरायला नको.

गोदाकाठचा

सगळ्यांचे आभार, विशेषतः हिशेबनीस काकांचे. पोटमाळा ताई, मलावीचं नाव काढलंत म्हणून शेवटी ठेवलेली गोष्ट आताच सांगतो.

१८६१ मध्ये लिव्हिंग्स्टनने शिरे नदीच्या डोंगराळ भागात गुलामांचा एक तांडा सोडवला. त्या लोकांना मॅगोमेरो इथे नव्या इंग्लिश मिशनजवळ वसवलं. त्यात चुमा नावाचा मुलगा होता. मिशन वर्षा-दोन वर्षांत तापाने आणि उपासमारीने बसलं. लिव्हिंग्स्टनने १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला आणली, चुमा त्या बोटीवर होता. मुंबईत तो डॉ. जॉन विल्सनच्या, म्हणजे विल्सन कॉलेजवाल्या विल्सनच्या, शाळेत शिकला. १८६५ च्या डिसेंबरात तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. हाच चुमा पुढे लिव्हिंग्स्टनचा देह वाहणाऱ्या काफिल्याचा म्होरक्या.

आता पन्नास वर्षं पुढे. मॅगोमेरो नावाची दीड लाख एकरांहून मोठी इस्टेट, मालक लिव्हिंग्स्टनचा नातू. कारभारी विल्यम जर्व्हिस लिव्हिंग्स्टन. जमिनीवर राहायचं भाडं म्हणून कुळांकडून वेठ, तिला तिकडे थंगाटा म्हणतात. कुळांनी बांधलेली प्रार्थनाघरं हा कारभारी जाळून टाकायचा, कारण ती शेजारच्या जॉन चिलेंब्वेच्या चर्चची होती. चिलेंब्वे हा तिथलाच, जोसेफ बूथ या जगावेगळ्या मिशनऱ्याचा चेला. बूथने त्याला १८९७ मध्ये अमेरिकेला नेलं. व्हर्जिनियात काळ्यांच्या सेमिनरीत शिकून तो १९०० मध्ये पाद्री होऊन परतला आणि चिराद्झुलूला स्वतःचं मिशन काढलं. शाळा, विटांचं मोठं चर्च, अंगावर कोट. १९१४ चं महायुद्ध लागलं आणि आफ्रिकन शिपाई गोऱ्यांच्या भांडणात मरू लागले, तेव्हा त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: मरायला आम्ही, आणि आमच्या विधवा-पोरांना काय? २३ जानेवारी १९१५ च्या रात्री त्याची माणसं मॅगोमेरोवर गेली. कारभाऱ्याचं मुंडकं कापलं. बायकापोरांना हात लावायचा नाही असा चिलेंब्वेचा सक्त हुकूम होता आणि तो पाळला गेला. दुसऱ्या दिवशी रविवार. त्याने चर्चमध्ये उपदेश केला, शेजारी काठीवर ते मुंडकं. ३ फेब्रुवारीला त्याला गोळी घातली. सरकारने ते विटांचं चर्च सुरुंग लावून उडवलं.

जिथे चुमाला मिशनने वसवलं त्याच मॅगोमेरोत हे झालं. चिलेंब्वेला नास्तिक म्हणता येत नाही, धर्मांतराचा बळीही म्हणता येत नाही. त्याने बायबल मिटलं नाही; त्यातला मिसरच्या दास्यातून सुटकेचा भाग मन लावून वाचला, एवढंच. टुटूंच्या वाक्यात हा माणूस कुठे बसवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

घंटेचा फोटो टाकायचा होता, पण फाइल मोठी आहे म्हणून इथे चढत नाहीये.

तिसरी घंटा

चिलेंब्वेचा चेहरा आज मलावीच्या नोटांवर आहे, १५ जानेवारीला त्याच्या नावाची सुटी असते. पण एक कोडं आहे. लिओपोल्डव्हिलचं किन्शासा झालं, सॅलिस्बरीचं हरारे झालं. लिव्हिंग्स्टनच्या स्कॉटिश जन्मगावाचं नाव लावलेलं ब्लँटायर मात्र ब्लँटायरच राहिलं आणि झांबियातलं लिव्हिंग्स्टन शहरही. मिशनऱ्यांचं नाव त्यांना खुपलं नाही की कोणी विचारलंच नाही?

हिशेबनीस

मुंबईत बघा ना. गोदीजवळचा फ्रिअर रोड आता पी. डिमेलो रोड. गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव. तिकडचं फ्रिअर टाउन बदललं का?

गोदाकाठचा

नाही, नकाशावर अजून तेच आहे. फक्त मटाटूवाल्याला फ्रिअर टाउन म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. केंगेलेनी म्हणा, शिलिंग सुटे ठेवा.